ठिपके गेले म्हणजे आजार गेला असं नसतं : खाऱ्या पाण्यातल्या नवीन माशाचं क्वारंटाइन

मरीन टँक ठेवणाऱ्या बहुतेकांच्या नशिबी हा आठवडा कधी ना कधी येतोच. नवीन टँग (सर्जनफिश कुळातला मासा) आणला, हौसेने थेट टँकमध्ये सोडला, चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, घाबरून कुठलंतरी 'रीफ-सेफ', म्हणजे कोरलला चालणारं, असं लिहिलेलं औषध आणून ओतलं आणि दोन दिवसांत मासा एकदम चकाचक. आपण खुश, औषध विकणारा खुश. मग दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी बघतो तर सगळ्याच माशांवर ठिपके, आणि या वेळी पाच-दहा नाही, मोजता येणार नाहीत इतके. माझ्याकडे हे झालं तेव्हा टँकमध्ये सात मासे होते, महिन्याभराने एक उरला. आणि सगळ्यात वाईट काय तर त्या औषधाने पहिल्या वेळी काही केलंच नव्हतं. ठिपके त्या दिवशी तसेही जाणारच होते, बाटलीतून नुसतं पाणी ओतलं असतं तरी गेले असते.

हे का होतं ते एकदा नीट कळलं ना, की क्वारंटाइनमधले (नवीन मासा टँकमध्ये सोडायच्या आधी वेगळ्या पेटीत ठेवण्यातले) ते सगळे आकडे, म्हणजे ३० दिवस, ७२ तास, ७६ दिवस वगैरे, पाठ करावे लागत नाहीत. म्हणून औषधांच्या आधी थोडं त्या किड्याबद्दल.

ठिपकेवाल्या आजाराला सगळे इक म्हणतात, त्यामागचा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. एकपेशीय, डोळ्यांना सुटा दिसत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांनाही इक होतो पण तो वेगळा जीव आहे, दिसायला सारखा एवढंच, त्यामुळे तिकडचा 'तापमान वाढवा, जाईल' हा उपाय इकडे चालत नाही. तर या क्रिप्टोचं आयुष्य तीन ठिकाणी जातं. एक, माशाच्या अंगात. अंगावर नाही हं, अंगात, म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तो आरामात खात बसतो, तीन ते सात दिवस. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा खाऊन टुम्म झालेला किडा आणि त्याच्यावरची सुजलेली कातडी. दोन, पोट भरलं की तो मासा सोडतो, वाळूवर, दगडावर, काचेवर कुठेतरी चिकटतो आणि स्वतःभोवती कवच बांधून घेतो. त्या कवचात तो एकाचे दोन, दोनाचे चार असा विभागत जातो, एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं निघू शकतात. तीन, ही पिल्लं कवच फोडून पाण्यात पोहत सुटतात आणि मासा शोधतात. त्यांच्याकडे वेळ फार कमी असतो, फार तर एक-दोन दिवस, आणि पहिल्या काही तासांनंतर त्यांचा जोर झपाट्याने कमी होतो. मासा सापडला तर परत पहिल्यापासून, नाही सापडला तर मेली.

आता कळीचा मुद्दा. कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. कवचात असताना तर औषधाने फारसा फरक पडत नाही. औषधाला सापडतो तो फक्त तिसऱ्या टप्प्यात, उघड्यावर पोहताना. म्हणजे आपण माशाला बरं करतच नसतो, आपण दारात काठी घेऊन उभे असतो आणि किडा बाहेर येईपर्यंत वाट बघत असतो. सगळं क्वारंटाइन म्हणजे हे वाट बघणं आहे, औषधापेक्षा कॅलेंडर जास्त.

आणि ठिपके का गेले तेही यातच आलं. किडे मासा सोडून खाली उतरले म्हणून गेले. ते बहुतेक अंधारात उतरतात, पिल्लंसुद्धा अंधारातच, पहाटेच्या आसपास फुटतात, जेव्हा मासे तळाशी दगडाच्या फटीत झोपलेले असतात, म्हणजे पिल्लांना लांब जायलाच नको. म्हणून रात्री ठिपके होते आणि सकाळी गायब असं दिसतं. आपण म्हणतो बरा झाला, खाली वाळूत मात्र कारखाना चालू झालेला असतो.

कवचातला काळ हा सगळ्यात बेभरवशाचा. काही कवचं तीन दिवसांत फुटतात, बरीचशी महिन्याभरात, पण ७२ दिवसांनी फुटलेली कवचंसुद्धा अभ्यासात नोंदली गेली आहेत. म्हणून डिस्प्ले टँकमध्ये, म्हणजे आपल्या मुख्य टँकमध्ये, एकदा इक शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस बिनमाशाचा ठेवायचा असं सांगतात, ७२ आणि वर चार दिवस जास्तीचे. कोरल, गोगलगाई, झिंगे राहू देत, त्यांच्यावर हा किडा जगत नाही. अडीच महिने टँकमध्ये मासा नाही ही शिक्षा एकदा भोगलेला माणूस पुढच्या वेळी क्वारंटाइनला कंटाळत नाही, हे मी स्वतःवरून सांगतोय.

कोणी म्हणेल समुद्रातही हे किडे असतातच, तिथले मासे कुठे मरतात सगळे? असतात, पण तिथे दोनशे पिल्लं सुटली तर त्यातल्या एखाद-दुसऱ्यालाच मासा मिळतो, बाकी अफाट पाण्यात हरवून जातात. रात्री ज्या जागी मासा झोपला होता तिथे दुसऱ्या रात्री तो असेलच असंही नाही. आपल्या टँकमध्ये तेच दोनशे जण चार फुटांच्या खोक्यात, आणि मासा रोज त्याच फटीत झोपतो. त्यात मरीन मासे बहुतेक अजूनही समुद्रातून पकडलेले असतात, पकडणारा, साठवणारा, एक्स्पोर्टर, इम्पोर्टर, दुकान असे पाच-सहा ठिकाणचं पाणी बघून आलेले, प्रत्येक ठिकाणी शेजारी वेगळे. अजून एक गोष्ट, बऱ्याच दुकानांच्या सिस्टिममध्ये कायम थोडं कॉपर (तांब्याचं औषध) सोडलेलं असतं, किडा मरेल इतकं नाही, दबून राहील इतकं. म्हणून मासा दुकानात महिनाभर स्वच्छ दिसतो आणि आपल्या घरी आठवड्यात फुलतो. दुकानदार खोटं बोलत असतो असं नाही, त्याच्याकडे खरंच ठिपका नसतो.

इकबद्दल एवढं लिहिलं कारण तो समजायला सोपा आहे. पण भीती वाटायला हवी ती व्हेल्वेटची. याचं नाव अमायलुडिनियम, जातीने डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे नात्याने शेवाळाकडचा. पद्धत तीच, चिकटा, खा, खाली पडा, विभागा, पण सगळं भराभर आणि एका कवचातून २५६ पर्यंत पिल्लं. शिवाय तो आधी कल्ल्यांत घुसतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आतच मासा मरू शकतो. दिसलाच तर मिठाचे दाणे नाहीत, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक भुकटी दिसते, तीही तिरप्या उजेडात. त्याआधीची लक्षणं बघायची: मासा खाणं सोडतो, धापा टाकतो, उजेड टाळतो आणि पंपाच्या धारेत तोंड घालून एकाच जागी पोहत राहतो. नवीन माणसाला वाटतं वा, प्रवाहात खेळतोय. तो खेळत नसतो, श्वास घेत असतो. हे चित्र दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, व्हेल्वेटमध्ये उद्या नसतो.

आता टँक. क्वारंटाइन टँक म्हटलं की लोकांना वाटतं अजून एक पूर्ण सेटअप, तसं काही नाही. ५०-६० लिटरची साधी काचेची पेटी लहान-मध्यम माशांना पुरते, मोठ्या टँगला मोठी. हीटर, थर्मामीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर, झाकण (रास जातीचा मासा असेल तर जाळीचं झाकण हवंच, रास उडी मारतो म्हणजे मारतोच) आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो. वाळू नाही, लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया असलेले समुद्री दगड) नाही. एक म्हणजे कवचांना चिकटायला जागा कमी, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, वाळू आणि दगड दोन्ही कॉपर शोषून घेतात, मग तुम्ही टाकत राहता आणि टेस्टमध्ये दिसत नाही. ही पेटी डिस्प्लेपासून निदान ३ मीटर लांब ठेवा. व्हेल्वेटची पिल्लं एअर स्टोनच्या तुषारांबरोबर हवेतून उडून शेजारच्या टँकमध्ये पडू शकतात, हे प्रयोगात दिसलेलं आहे. जाळी, बादली, पाइप, सगळं वेगळं. हातसुद्धा, आधी डिस्प्लेमध्ये हात घाला मग क्वारंटाइनमध्ये, उलटं नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो, क्वारंटाइनमध्ये किड्याने जितके मासे मरत नाहीत तितके अमोनियाने मरतात. नवी कोरी पेटी, त्यात बॅक्टेरिया नाहीत, मासा रोज खातोय आणि रोज घाण करतोय, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असल्यामुळे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी. मासा तिसऱ्या दिवशी लाल कल्ले घेऊन धापा टाकतो, आपल्याला वाटतं व्हेल्वेट, आपण कॉपर वाढवतो, मासा मरतो आणि आपण लोकांना सांगत फिरतो की क्वारंटाइनमुळे मासा मेला. यावर उपाय फार सोपा आहे पण तो आधीच करून ठेवावा लागतो. एक जास्तीचा स्पंज डिस्प्लेच्या संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या पेटीत) कायम टाकून ठेवायचा, महिना झाला की तो बॅक्टेरियांनी भरलेला असतो, मासा आणायचा असेल त्या दिवशी उचलून क्वारंटाइनच्या फिल्टरवर. (अर्थात डिस्प्लेमध्ये आजार नसेल तरच, नाहीतर आपणच कवचं पोचवली.) स्पंज नसेल तर बाटलीतले बॅक्टेरिया आणि वारंवार पाणी बदलणं. आणि एक धोक्याची सूचना: प्राइमसारखं अमोनिया बांधणारं रसायन कॉपर चालू असताना टाकू नका, ते कॉपरचं रूप बदलून त्याला माशासाठी फारच विषारी करू शकतं.

मासा घरी आला की पिशवी. इथेही एक जुनी सवय मोडावी लागते, ती म्हणजे पिशवी उघडून दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसायची. लांबच्या प्रवासात पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो, आणि पीएच खाली असल्यामुळे साठलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे आपण प्रेमाने ड्रिप लावून माशाला हळूहळू विषात ठेवतो. त्यापेक्षा दुकानात किंवा विकणाऱ्याकडे आधीच विचारा की त्यांच्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, किती, क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवा, पिशवी बंद असतानाच १५-२० मिनिटं तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल, मग उघडा आणि मासा उचलून सरळ आत. पिशवीतलं पाणी फेकून द्या.

पहिले दोन दिवस मी काहीच औषध टाकत नाही (व्हेल्वेटची शंका नसेल तर). मंद उजेड, थोडं थोडं खायला, आणि एक वही. वहीत मी मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात ते लिहितो, मासा शांत असताना, रोज त्याच वेळी. आकडा किती असावा यावर वाद घालण्यात अर्थ नाही, जातीनुसार बदलतो, पण काल ७० होता आज ११० आहे हे कळलं तर काहीतरी बिघडलंय हे ठिपका दिसायच्या खूप आधी समजतं. दोन्ही बाजूचे कल्ले चालतायत का एकच, तेही बघा. एकच चालत असेल तर फ्लूक नावाच्या कृमीची (त्याबद्दल पुढे) शंका घ्यायची.

आता कॉपर, म्हणजे तांबं. इक आणि व्हेल्वेट दोन्हीवर चालणारं, सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात भरवशाचं. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि इथेच लोक घोळ घालतात. क्युप्रामिनसारखं आयोनिक कॉपर, त्याची पातळी लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास. आणि कॉपर पॉवरसारखं चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेलं) कॉपर, त्याची पातळी २ ते २.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर मासा मरेल नाहीतर किडा मजेत राहील. त्यामुळे बाटलीवरचं वाचा, आणि टेस्टिंग किट त्याच प्रकारचं घ्या, शक्यतो डिजिटल मीटर, कारण निळ्या रंगाच्या दोन छटांमधला फरक ओळखण्यात माझी तरी रोज भांडणं व्हायची, स्वतःशीच.

आणि पेटीत पाणी नक्की किती आहे ते मोजा. ६० लिटरची म्हणून विकलेल्या पेटीत वरून चार बोटं सोडून पाणी भरलं तर ते ६० कधीच नसतं. मी पहिल्यांदा १ लिटरच्या जगने मोजत मोजत भरली, ५१ लिटर भरलं, तिथे बाहेरून टेपची पट्टी चिकटवली. ती पट्टी फार कामाची आहे. पाणी उडून पातळी खाली गेली तर कॉपर उडत नाही, म्हणजे ते घट्ट होतं, अशा वेळी पट्टीपर्यंत नुसतं गोडं आरओचं पाणी घालायचं. पण घाण झाली म्हणून पाणी बदललं तर त्याबरोबर कॉपरही जातं. २ च्या पातळीवर असताना पाव पाणी बदललं आणि नवीन पाण्यात कॉपर टाकलं नाही तर पातळी थेट १.५ वर येते, दारातला पहारेकरी झोपला, आणि त्या रात्री कवच फुटलं तर तुमचा पहिला दिवस परत उद्यापासून मोजायचा. म्हणून बदलायचं पाणी बादलीतच आधी त्याच पातळीला आणून मग ओतायचं. रोज टेस्ट, एकाच वेळी, वहीत.

चिलेटेड असेल तर मी चार दिवसांत चढवतो, रोज ०.५, म्हणजे माशाला सवय होते आणि तो खाणं सोडत नाही. व्हेल्वेट असेल तर मात्र ही चैन नाही, एक-दोन दिवसांत पूर्ण पातळी. पूर्ण पातळी आल्यापासून ३० दिवस, मध्ये एकदाही खाली न जाता. किंवा १४ दिवस आणि मग मासा उचलून दुसऱ्या, पूर्ण स्वच्छ, लांब ठेवलेल्या पेटीत. हे दोन पर्याय का, ते आता वरच्या गोष्टीवरून कळेल: १४ दिवसांत अंगातले सगळे किडे उतरून गेलेले असतात आणि कॉपरमुळे नवीन कोणी चढलेलं नसतं, म्हणजे मासा स्वच्छ आहे, पेटी नाही. पेटीच्या तळाशी कवचं असू शकतात. मग एकतर मासा हलवा नाहीतर त्याच पेटीत पहारा अजून लांबवा. मला १४ दिवसवाला आवडतो, कारण कॉपर हे शेवटी विषच आहे, माशाची भूक आणि प्रतिकारशक्ती दोन्ही कमी करतं. मँडरिन, पफर, लहान एंजेल यांना कॉपर जड जातं, शार्क आणि रे यांना तर देऊच नका. आणि डिस्प्ले टँकमध्ये कॉपर कधीच नाही, कधीच म्हणजे कधीच. झिंगे, गोगलगाई, कोरल सगळं संपेल आणि दगडात शोषलेलं कॉपर पुढे त्रास देत राहील ते वेगळं.

कॉपर नको असेल तर इकसाठी एक मस्त बिनऔषधी युक्ती आहे, टँक ट्रान्सफर. दोन पेट्या घ्यायच्या, मासा दर ७२ तासांच्या आत एका पेटीतून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून नव्याने भरलेल्या पेटीत हलवायचा, असं चार वेळा. कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात, त्याआधीच आपण मासा उचलून पुढे, किडा मागे राहिला, पेटी धुऊन वाळवली की तोही गेला. आणि अंगातला किडा जास्तीत जास्त आठवडाभर, म्हणजे १२ दिवसांत सगळे मागे पडले. सुंदर गणित आहे. पण ७२ तासांचे ७५ झाले तर गणित मोडलं, आणि व्हेल्वेटला हे चालत नाही, त्याचं घड्याळ वेगळं. तसंच हायपोसॅलिनिटी, म्हणजे पाण्याची घनता १.००९ पर्यंत उतरवून महिनाभर ठेवणं, इकवर चालतं, व्हेल्वेट मात्र जवळजवळ गोड्या पाण्यातही टिकतो. हायपो करायची तर रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आधी कॅलिब्रेट करा, इथे १.०११ म्हणजे नापास. परत वर नेताना घाई नको, पाच-सहा दिवस घ्या.

क्लोरोक्विन फॉस्फेटचं नावही ऐकाल. मूळ मलेरियाचं औषध, लिटरला १० ते १५ मिलिग्रॅम, माशाची भूक कॉपरइतकी मारत नाही. अडचण ही की घरी टेस्ट करायला किट नाही, त्यामुळे पाण्यात नक्की किती शिल्लक आहे ते देवालाच माहीत, आणि काही रास त्याने दगावतात. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका जोडप्याने माशांसाठीचं क्लोरोक्विन स्वतःच खाल्लं, नवरा मेला. माशांची औषधं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा, मोठ्यांच्याही.

कॉपर किंवा क्लोरोक्विनवर भरवसा ठेवून न जाणारा पाहुणा म्हणजे फ्लूक, चपटा कृमी. कातडीवर, डोळ्यांवर, कल्ल्यांत चिकटतो आणि जिवंत असताना पारदर्शक असतो, म्हणून दिसत नाही. मासा अंग घासतो, जांभया देतो, डोकं झटकतो, डोळा धुरकट होतो. बघायची खात्रीशीर पद्धत म्हणजे गोड्या पाण्याची डुबकी. एका बादलीत क्लोरीन नसलेलं गोडं पाणी, तापमान टँकइतकंच, खायचा सोडा घालून पीएच टँकच्या पाण्याइतका, अर्धा तास एअर स्टोन चालू. मासा पाच मिनिटं त्यात. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो धडपडेल किंवा आडवा पडेल, पोटात गोळा येतो बघताना, पण बहुतेक सावरतो, आणि नाहीच सावरला तर लगेच परत काढायचा. बादलीचा तळ काळा असेल तर अजून चांगलं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या मिनिटाला माशाच्या अंगावर कुठून कुठून टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके उमटायला लागले, जिथे सकाळी काहीही नव्हतं, आणि एकेक सुटून तळाशी पडले. अठरा मोजले. मासा वरून एकदम निरोगी दिसत होता हो, खातही होता! गोडं पाणी शिरून फ्लूक फुगतो आणि पांढरा पडतो, म्हणून दिसतो. डुबकीने सगळे जात नाहीत, कल्ल्यांतले काही राहतात, म्हणून त्यावर प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम. ते अंड्यांवर चालत नाही, त्यामुळे पाच-सात दिवसांनी, म्हणजे अंडी फुटून झाल्यावर आणि नवीन अंडी घालायच्या आत, दुसरा डोस. परत कॅलेंडरच. प्राझी टाकल्यावर पाणी कधीकधी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन खाली जातो, एअर पंप जोरात ठेवा.

ब्रुकलिनेला (ब्रुक) आणि युरोनिमा हे अजून दोन एकपेशीय जीव, थोडक्यात. ब्रुक बहुतेक क्लाउनफिशला, विशेषतः समुद्रातून पकडलेल्या, अंगावरून चिकट पांढरा थर सोलून निघतो आणि मासा दोन-तीन दिवसांत जातो. युरोनिमा क्रोमिस आणि अँथियास या माशांना, अंगावर भाजल्यासारखा लाल चट्टा. दोघांवर कॉपर बेकार. ब्रुकवर फॉर्मेलिनची पाऊण ते एक तासाची आंघोळ हा जुना उपाय, पण फॉर्मेलिन कॅन्सरकारक आहे, हातमोजे, उघडी खिडकी आणि बाटलीवरचं मोजमाप, अंदाजपंचे काही नाही. युरोनिमाला मासा नसला तरी चालतं, तो बॅक्टेरिया खाऊनही जगतो, आणि मांसात उतरला की मासा वाचणं फार कठीण. म्हणून मी क्रोमिस घेताना लाल चट्टा असलेला एक जरी दिसला तरी त्या टँकमधला एकही घेत नाही.

लसूण घातलेलं खाणं, क्लीनर श्रिंप, यूव्ही लाइट, यांबद्दल लोक विचारतातच. लसणाने मासा कदाचित चवीने खाईल. श्रिंप कातडीखालचा किडा काढू शकत नाही. यूव्हीतून जे पाणी जातं त्यातली पिल्लं मरतात, जे जात नाही त्यातली नाही, आणि माशाशेजारी फुटलेलं पिल्लू यूव्हीपर्यंत जाईलच कशाला. संख्या कमी ठेवायला ठीक, उपचार म्हणून नाही.

एक वाद कायम चालू असतो, की प्रत्येक नवीन माशाला सरसकट औषध द्यायचं का नुसतं निरीक्षण करायचं. दोन्ही बाजूंचं ऐकून आणि दोन्ही करून माझं असं झालंय की समुद्रातून आलेल्या टँगला, एंजेलला, बटरफ्लायला मी सरळ कॉपर आणि प्राझी देतो, कारण पावडर ब्लू टँगसारखा मासा दोन आठवडे स्वच्छ दिसला म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. ब्रीडरकडून थेट आलेल्या क्लाउनला फक्त निरीक्षण, चार आठवडे. पण तोच क्लाउन दुकानाच्या सामाईक पाण्यात चार दिवस राहिला असेल तर तो ब्रीडरचा राहिला नाही, त्याला बाकीच्यांचाच नियम. अँटिबायोटिक मात्र आजार दिसल्याशिवाय नाही. आणि औषधं एकावर एक ढकलू नका, कॉपर संपलं, फिल्टरमध्ये कार्बन घालून पाण्यातून काढलं, मग प्राझी, मग दोन आठवडे बिनऔषधाचे नुसते बघण्यात. हे शेवटचे दोन आठवडे लोक गाळतात. पण औषध चालू असताना आजार दबलेला आहे का गेलाय हे कळत नाही, ते औषध काढल्यावरच कळतं. सगळं धरून दीड ते दोन महिने होतात.

कोरल आणि गोगलगाईंचं राहिलं. त्यांना इक होत नाही पण कवच त्यांच्या शंखावर किंवा कोरलच्या प्लगवर (कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं त्या छोट्या चकतीवर) चिकटून येऊ शकतं. दोन महिने मासे सांभाळून काढले आणि मग मासे असलेल्या टँकमधून आणलेली एक गोगलगाय तशीच सोडली, हेही होतं. त्यांनाही वेगळ्या बिनमाशाच्या पेटीत ७६ दिवस, कोरलसाठी उजेड चांगला लागतो एवढीच भानगड. हे कितीजण करतात? कमी. मीही सुरुवातीला करत नव्हतो.

मासा डिस्प्लेत सोडायचा दिवस आला की सॅलिनिटी जुळवून, दिवे मंद करून, क्वारंटाइनचं पाणी आत न जाऊ देता सोडा, आधीचे मासे दादागिरी करणारे असतील तर दोन-तीन दिवस जाळीच्या खोक्यात ठेवून. मग पेटी, पाइप, हीटर ब्लीचने धुऊन पूर्ण कोरडे होऊ द्या, ओलं काहीही पुढच्या माशाला वापरायचं नाही. आणि तो स्पंज, ज्याने दोन महिने कॉपर प्यायलंय, तो परत संपमध्ये टाकायचा नाही, फेकायचा. संपमध्ये आजच नवीन टाका, त्याला भरायला महिना लागतो.